नायगावच्या स्टॉपवरचा हेडफोनवाला

नायगावच्या बसस्टॉपवर तो मला रोज दिसायचा. कानांवर जाडजूड हेडफोन, डोळे मिटलेले. जरासं ऐकायचा, मोबाईलवर बोट फिरवायचा, पुन्हा ऐकायचा आणि तोंड वाकडं करायचा. इतकं नावडतं गाणं हा रोज कशाला ऐकतो, ते मला कळेना. शेवटी विचारलंच.

"एक नाय, दोन गाणी आहेत," तो म्हणाला. आईने गायलेलं एक कोळीगीत त्याने घरीच रेकॉर्ड केलं होतं आणि एका गाजलेल्या गाण्याशी ताडून तो ते रेकॉर्डिंग सुधारत होता. "आधी दोन्हींचा आवाज सारखा करायचा. नायतर जे मोठ्याने वाजतं तेच भारी वाटतं."

परवा मात्र तो एकटाच हसत होता.

"जमलं का त्या गाण्यासारखं?" मी विचारलं.

"जमलं ना. मासळीबाजारात ओरडून आईचा आवाज घोगरा झालाय, तो पार गुळगुळीत केला. मग तिला ऐकवलं. तर म्हणते, बाई बरी गाते, कोन रे ही?"

त्याने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. ते गाजलेलं गाणं आता नव्हतंच. त्याच्या जागी आईचा व्हॉइस मेसेज होता: "येताना कोथमीर आन. जुडी बघून घे, कालच्यासारकी नको." पाठोपाठ तिचं गाणं.

"आता ह्याच्याशी ताडतोय," तो म्हणाला.

मी दोन्ही पुन्हा ऐकलं. "गाणारी बाई कोथमीर मागेल असं अजून वाटत नाही."

"तेच ना," म्हणत त्याने हेडफोन परत घेतले, डोळे मिटले, आणि त्याची बस समोरून निघून गेली.