अख्खी कॅसेट

संगणकाला तोंडी नव्हे, तर लेखी हुकूम सोडून गाणी वाजवायला लावणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे, हे मी नागपुरात कोणालाही छातीठोकपणे सांगतो. सानगडीला घर, तळ्याखाली धानाची शेती आणि माजघरात एक जुना संगणक. त्याला मामांनी माऊस कधी लावलाच नाही. "कळफलकावरचा हात उचलाचाच कायले?" काळ्या पडद्यावर मामा 'लाव' लिहून अल्बमचं नाव टाकतात की तो वाजतो, 'थांब' लिहितात की थांबतो, आणि 'कोनताही' लिहितात तेव्हा संगणक आपल्या मर्जीने एखादा अल्बम निवडतो. या सगळ्या स्क्रिप्ट त्यांनी स्वतः रचल्या. 'पुढचं' ही आज्ञा मात्र त्यांनी मुद्दामच लिहिली नाही. अल्बम लागला की पहिल्यापासून शेवटपर्यंत. बायको एकदा म्हणाली, "मामा, तेवढं तिसरं लावा ना." मामा दुखावले. "पयलं आन दुसरं का वाऱ्यावर सोडू? गानाऱ्यानं काही विचार करूनच मांडलं असंन ना, पोरी!"

पुतणीच्या हळदीला त्यांनी हौसेने संगणक मांडवात नेला आणि 'कोनताही' लिहिलं. निघाली विरहगीतं. अंगावरची हळद वाळून पापुद्रे सुटायला लागले तरी मामा शांत. "धीर धरा, पाचवं नाचाचं हाय." ते पाचवं लागलं तेव्हा मंडळी अशी तुटून पडली की मांडवाचा एक खांब कलला.

तरुणपणी गावोगाव फिरून दंडार या लोकनाट्यात गाणाऱ्यांची गाणी त्यांनी कॅसेटवर भरून घेतली होती, तीही आता संगणकात आहेत. मधली खोकल्या-खाकरण्याची जागा कापून टाका, असं मी सुचवलं तर म्हणाले, "जवाई, खोकलाबी त्याच मानसाचा हाय ना!"

एका दुपारी शेजारच्या गावची एक म्हातारी आली. तिचा नवरा दंडारीत गायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. "भाऊ, तुमीच आल्ते ना टेप घेऊन आमच्या अंगनात? त्याइचं ते गवळनीचं गानं तेवढं आयकवा. माही बस निंगून जाईन." मामांनी 'लाव' लिहिलं आणि कॅसेट सुरुवातीपासून लागली. मी खुणावलं, मामींनी डोळे वटारले, मामा ढिम्म.

दोन गाणी झाली. मग नुसती खरखर, त्यात एक खोकला आणि एका पुरुषाचा थकलेला आवाज. "यमुने, पानी आन वो. आन तूबी बस जराशी, कवाची उभीच हायेस."

म्हातारी पदर सावरत उठली. पाणी आणायलाच उठली. दोन पावलं गेल्यावर भानावर आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मग डोळे पुसत ती हसली. "एरवी तर इतका गोड कदी बोलत नोता जी. तुमची टेप चालू होती म्हनून बोल्ला असंन."

गवळण येईपर्यंत बस गेली होती. मग मीच तिला मोटारसायकलवरून गावी सोडलं.

आता ती दर बाजाराच्या दिवशी येते. मामा तिची कॅसेट लावून देतात, दार लोटून घेतात आणि बाहेर पडवीत येऊन बसतात. "तुम्ही नाही ऐकत?" मी एकदा विचारलं.

"तो तिच्याशी बोलून राहिला, जवाई," मामा तळ्याकडे पाहत म्हणाले. "आपन कायले आयकाचं?"