म्हातारपणाला किती लागेल?

रागीट माणसांचा पुण्याला कधीच तुटवडा नव्हता; पण माझ्या बायकोचे थोरले काका ज्या निष्ठेने चिडत, त्या निष्ठेने पूजा करणारा माणूसही मी पाहिलेला नाही. त्यांच्या रागाचा विषय एकच होता: म्हातारपणाला किती पैसे लागतील. पिंपरीच्या त्यांच्या कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली, तेव्हा काका बावन्न वर्षांचे होते. "स्वेच्छा साहेबांची, निवृत्ती माझी," असं म्हणत त्यांनी सही केली, मिळालेली रक्कम बँकेत ठेवली आणि व्याजावर दोघांचं भागेल असा बारकाईने अंदाज बांधला. पुढची सगळी वर्षं जगाने तो अंदाज मोडण्यात घालवली. व्याजाचे दर उतरले, गॅस चढला, डॉक्टर नाडी बघण्याआधी तपासण्या लिहून देऊ लागले. काका प्रत्येक वेळी नवा अंदाज बांधत आणि त्या दिवशी जो समोर येईल त्याच्यावर चिडत. दुधवाल्याने लिटरमागे रुपया वाढवला, तर त्याला दारातच उभा करून, "पंचवीस वर्षांचे मिळून किती झाले ते सांगा, मग दूध ओता," म्हणत.

महागाईपेक्षाही त्यांना जास्त छळायचा तो दुसरा आकडा: माणूस जगतो किती. तो मिळवायला ते कुणालाही विचारत. कसबा पेठेतल्या एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आजोबांच्या शेजारी जेवायला बसून त्यांनी विचारलं, "आपण नव्वदीचे ना? अजून किती काढायचा विचार आहे?" आजोबांनी हातातली जिलबी खाली ठेवली. काकू शांतपणे म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. घरी मला रोज विचारतात." एकदा निवृत्तीच्या नियोजनावरच्या मोफत व्याख्यानाला मी त्यांना घेऊन गेलो, ही माझी चूक. टाय लावलेले वक्ते म्हणाले, "आपण आयुष्य ऐंशी वर्षांचं धरू या." काका उठले. "आणि एक्याऐंशीव्या वर्षी जेवायला आपल्याकडे येऊ का?" सभागृह हसलं. त्याचाही काकांना राग आला. चहा न घेता ते निघाले आणि घरी पोचेपर्यंत स्कूटरवर मागे बसून माझ्या पाठीशी भांडत राहिले.

मी हिंजवडीत कॉम्प्युटरवर पोट भरणारा माणूस. त्यांचा राग निवावा म्हणून मी एक तक्ता करून नेला. महागाई, व्याज, औषधं, सगळं वर्षवार मांडलं होतं, आणि काकांना मोठ्या मनाने पंच्याऐंशी वर्षं दिली होती. काकांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथे मी मेलो. पुढचे कागद कुठे आहेत?"

"पुढे काय असणार, काका?"

"ही असणार. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे. मी गेल्यावर काय खाईल, तुमचा तक्ता?"

त्यांनी कागद फाडून माझ्याच हातात दिला. दोन रविवार खर्चून केलेलं काम होतं ते. मीही संतापलो आणि महिनाभर तिकडे फिरकलो नाही. पण तेव्हाच मला उमगलं, की दोरा बांधलेला चष्मा वापरून आणि दुखरी दाढ तशीच ठेवून हा माणूस साठवत होता, ते स्वतःसाठी नव्हतंच.

काकू आधी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर काही आठवड्यांनी मी काकांना दवाखान्यात घेऊन गेलो. परत येताना रिक्षावाल्याने घरापाशी थांबून मीटरच्या दीडपट पैसे मागितले. मी आशेने काकांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून नोट काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि सुटे न घेता ते उतरून चालू लागले. मला असा काही राग आला, की भर रस्त्यात मी त्या रिक्षावाल्याशी भांडायला लागलो. काका फाटकापाशी थांबले होते.

"चला, जावईबापू," ते म्हणाले, "पुरतील आता."