म्हशीचं नाक

बालवाडीच्या वर्गात मी एका मुलीला खोटारडी ठरवलं, आणि खरं तीच बोलत होती. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना तर नाहीच.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बारावीनंतर बालवाडी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं होतं. आम्ही मुलुंडला राहायचो, आणि सराव पाठांसाठी मला नाहूरच्या बाजूची एक बालवाडी मिळाली होती. एकच लांबट खोली, वर पत्रे, भिंतीला एक लाकडी कपाट. मुलं आसपासच्या चाळींमधली, बरीचशी कोकणातल्या घरांतली. कित्येकांचे वडील गिरणीत होते आणि गिरण्या बंद पडल्यावर मिळेल ते काम करत होते. मी मात्र कडक इस्त्रीची साडी नेसून, पाठाचं टाचण छातीशी धरून तिथे जायचे, आणि आपण या मुलांचं काहीतरी भलं करतोय असं मला मनापासून वाटायचं.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की चार-पाच वर्षांच्या मुलाला गोष्ट कळली की नाही, हे नुसते प्रश्न विचारून समजत नाही. त्याला माती द्या, रंग द्या, गोष्टीतलं सोंग घेऊ द्या, आणि हातातून काय उतरतं ते बघा. ज्याला ऐकलेली गोष्ट अशी कळते, त्याला पुढे वाचलेलंही कळतं. हे मी वहीत लिहून त्याच्याखाली दोनदा रेघ ओढली होती.

गोष्ट मीच रचली. लहानपणी आरे कॉलनीत सहलीला गेलो होतो तेव्हा पाहिलेले गोठे डोळ्यांसमोर होते. एक रेडकू आईपासून चुकतं. गोठ्यातल्या सगळ्या म्हशी काळ्या, सगळ्यांची शिंगं वाकडी. ते एकेकीपाशी जातं आणि प्रत्येक म्हैस त्याला ढुशी मारून हाकलते. शेवटी आई त्याला हुंगते, ओळखते आणि चाटायला लागते. एवढीच गोष्ट. मोठ्या अक्षरांत तक्त्यांवर लिहून मी ती मुलांना बोट फिरवत वाचून दाखवली. मग आम्ही ती करून पाहिली. अर्धा वर्ग गुडघ्यांवर रांगत म्हशी झाला. रेडकू झालेला मुलगा खरंच रडायला लागला, कारण सगळ्या म्हशींनी त्याला जरा जास्तच ढुशा दिल्या. त्या दिवशी मजा आली, हे खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मेणाचे खडू आणि कागद दिले आणि गोष्ट काढायला सांगितली. कागद काळे झाले. काही म्हशींना सहा पाय, काहींना एकही नाही. एका मुलीनं मात्र कागदभर एक मोठा गोळा काढला होता. त्यात दोन भोकं होती आणि खाली कोपऱ्यात एक ठिपका.

"हे काय गं?" मी विचारलं.

"नाक," ती म्हणाली. "म्हशीचा. ह्या रेडकू."

"आणि बाकीची म्हैस कुठाय?"

"बाकी सगळ्यांची सारखीच ना. आयेन वासान वळखलान."

मी हसले. बरं, छान, असं काहीतरी म्हणाले आणि पुढे गेले. ही मुलगी फार बोलायची. गावच्या काकाकडे वाघ बांधलेला आहे, बाबा विमानानं येणार आहेत, असलं काय काय सांगायची. तिचं बोलणं मी कधी नीट कानावर घेतलंच नव्हतं. आणि तरी खरं सांगायचं तर, त्या दिवशी माझ्या लक्षात आलं होतं की गोष्ट हिला जशी कळली आहे तशी वर्गात कुणाला कळलेली नाही. कदाचित मलासुद्धा नाही. हे लक्षात आलं होतं म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

पुढच्या सोमवारी कॉलेजच्या बाई माझा पाठ बघायला येणार होत्या. त्याचे मार्क वार्षिक परीक्षेत धरणार होते. भिंतीशी दोरी बांधून मुलांची चित्रं लावायची आणि प्रत्येकानं आपल्या चित्रापाशी उभं राहून गोष्ट सांगायची, असा माझा बेत होता. पण ती काळी चित्रं दोरीवर लावून बघितली आणि माझा धीर सुटला. माझ्या मैत्रिणीच्या वर्गात म्हणे फुलपाखरं होती, इंद्रधनुष्य होतं.

रविवारची सगळी दुपार मी जेवणाच्या टेबलावर बसून कार्बन पेपरनं म्हशी उतरवल्या. गळ्यात घंटा, डोळे पाणीदार, शेजारी गोजिरवाणं रेडकू. सोमवारी शाळा भरल्या भरल्या मुलांकडून ते रंगवून घेतलं आणि खाली प्रत्येकाचं नाव घातलं. त्यांची चित्रं कपाटात कोंबली. वर्गाच्या बाई, ज्यांचा तो वर्ग होता, हे सगळं बघत होत्या.

पाठ झकास चालला होता. कॉलेजच्या बाई एकेका मुलापाशी थांबत, मान डोलावत येत होत्या. तिच्यापाशी आल्या आणि खाली बसल्या.

"किती छान म्हैस. तू काढलीस?"

"नाय," ती म्हणाली. "बाईंनी काढली. मी नुसतो रंग दिलंय. माझा चित्र कपाटात आसा."

बाईंनी वर माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांनी नुसतं बघितलं. तेवढ्यात मला खरं सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर फार तर चार मार्क गेले असते.

"नाही बाई," मी म्हणाले. "तिनंच काढलंय. तिला असं काहीबाही रचून सांगायची सवय आहे." आणि मग खाली वाकून, अगदी गोड आवाजात, मी तिला म्हटलं, "खोटं बोलू नये हं बाळा."

शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, "खोटारडी." दोघंतिघं हसले. त्यांच्याही मागे दोरीवर मीच काढलेल्या म्हशी होत्या, पण बाई सांगतात तेच खरं, एवढं ते एव्हाना शिकले होते. ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. आपलंच काही चुकलं का, हे जणू ती आठवून बघत होती.

कॉलेजच्या बाई वहीत चांगला शेरा लिहून गेल्या. मुलं घरी गेल्यावर वर्गाच्या बाई दोरी सोडता सोडता म्हणाल्या, "पाठ चांगला झाला. पण त्या पोरीला खोटं पाडायला नको होतंस तू."

"मग काय करायला हवं होतं मी?" मी तोऱ्यातच विचारलं.

"ते तुला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या आणि दोरीची गुंडाळी करून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई दारात उभी. शाळा झाडायला येणाऱ्या मावशी त्यांच्याच चाळीत राहायच्या, त्यांच्याकडून तिला कळलं होतं. मला वाटलं, भांडायला आली. पण ती पदर सावरून म्हणाली, "बाई, तुमच्या मोठ्या बाईंसमोर हिणा खोटा सांगल्यान म्हणान ऐकलंय. दोन थपडा दिलंय तिका. तुमी रागावू नकात. आमच्यात असला खपवून घेवचत नाय."

मुलगी आईच्या मागे उभी होती. एक गाल अजून लालसर होता.

मी म्हणाले, "असू दे. लहान आहे."

त्या मुलीला मी माफ केलं. इतक्या वर्षांनीही माझे हे शब्द आठवले की मान वर होत नाही. वर्गात बोलले ते घाबरून, असं तरी म्हणता येतं. हे मी शांतपणे बोलले होते.

त्यानंतर तिचं बोलणं आटलं. गोष्ट झाली की मी विचारायचे, कोल्हा का पळाला, म्हातारी का हसली. ती उभी राहायची, माझ्या तोंडाकडे बघायची आणि हळूच विचारायची, "काय सांगू, बाई?"

हे तिनं तिसऱ्यांदा विचारलं त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कपाट उघडलं. तिचं चित्र घेऊन तिच्या घरी जायचं ठरवलं होतं. पण कपाटात ते नव्हतं. मावशींनी रद्दी समजून त्या कागदांवर खळ कालवली होती आणि नंतर ते फेकून दिले होते. मी रिकाम्या हातांनी गेले.

चाळीतल्या त्यांच्या खोलीत आई तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चित्र मी काढलं होतं, तुमची मुलगी खरं बोलत होती, खोटं मी बोलले. आईचे हात सुपात थांबले. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे बाई. ती तसं म्हणाली नाही.

"मगे त्या दिवशी मी इल्लंय तेव्हाच कित्याक नाय सांगलास? मी माझ्या पोरीक मारलंय."

तिनं बाहेर खेळणाऱ्या मुलीला हाक मारून आत बोलावलं. "बाई काय सांगतत ता आयक," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं, एका पाच वर्षांच्या मुलीला कळेल अशा शब्दांत. तिनं ऐकून घेतलं.

"माझा चित्र खंय?" तिनं विचारलं.

"हरवलं गं. माझ्याकडून."

ती खेळायला निघून गेली. आईनं तांब्याभर पाणी पुढे केलं, पण बस म्हणाली नाही.

माझे तिथे दोनच दिवस उरले होते. शेवटच्या दिवशी मी मुलांना पुन्हा गोष्ट सांगून कागद दिले. ती खाली मान घालून बराच वेळ चित्र काढत होती. मी शेजारी जाऊन बसले, तशी तिनं कागदावर हात ठेवला.

"दाखवतेस?"

"नाय," ती म्हणाली. कागदाची घडी घालून तिनं फ्रॉकच्या खिशात टाकली. मी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसांत तिनं ठामपणे दिलेलं ते एकच उत्तर होतं.

पाठाला मला कॉलेजच्या वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. कॉलेजच्या बाईंना मी कधीच काही सांगितलं नाही. त्या पुढे निवृत्त झाल्या, तेव्हा निरोप समारंभात मी त्यांच्याविषयी चांगलं भाषणही केलं. त्यांनी माझा हात हातात धरून म्हटलं की तुझा तो म्हशीचा पाठ मी अजून नव्या मुलींना सांगते. मी थँक्यू म्हणाले.