शून्यानं गुणलेली पडवी

"ऊठ. हात लावू नकोस आता त्याला."

सरांनी हे सगळ्या ऑफिससमोर म्हटलं. मी उठले. त्यांनी माझी खुर्ची रुमालानं झटकली, मग बसले. मी बाजूला उभी.

नवीन पनवेलमधलं सर्व्हे कंत्राटदाराचं ऑफिस. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. एका प्रकल्पासाठी आमचं खाडीकाठचं कोळ्यांचं गाव उठणार होतं. नव्या जागेवर कुणाला केवढं घर, ते जुन्या घराच्या मापावरून ठरणार. ती मापं एक्सेलमध्ये भरायचं आणि सह्यांआधी गावात वाचून दाखवायचं काम माझं. ऑफिसात गावातली मी एकटी. खारघरच्या मुलींना सर 'अहो' म्हणायचे, मला 'अगं'.

त्या दिवशी एकूण क्षेत्रफळाच्या रकान्यात आकडा येत नव्हता. टाइप केलेला फॉर्म्युला तसाच्या तसा दिसत होता. सरांनी फाइल बंद केली, उघडली. मशीन बंद करून चालू केलं. फॉर्म्युला जागचा हलला नाही.

"जाळं सोडून माउस हातात दिला की असंच होतं," सर म्हणाले. कुणीतरी हसलं. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांग. हे करायला गावातून कुणी शिकवलं?"

राग आला. लाजही वाटली, कारण चूक माझीच होती. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले की घराचा नंबर तोच राहतो, त्याला फक्त तुकडा जोडतात. १२/३, असा. एक्सेल त्याची तारीख करायचं, बारा मार्च. वैतागून मी अख्खं शीट 'टेक्स्ट' करून ठेवलं होतं. अशा खान्यात नंतर फॉर्म्युला टाकला की एक्सेलला तो साधा मजकूर वाटतो, उत्तर येत नाही. आणि फॉर्म्युला सरांनी आदल्या दिवशी निघता निघता स्वतः टाकला होता, आकडा आला का ते न बघता.

"फॉरमॅट बदलून परत एंटर मारलं की आकडे येतील," मी म्हटलं.

"मग कर. पण वाचत बसू नकोस. आकडे दिसले की फाइल माझ्याकडे."

वाचत बसू नकोस? इतके दिवस तीच मापं मी भरत होते, तेव्हा कुणी असं म्हटलं नव्हतं. आत्ताच का? मी खुर्चीत बसले आणि आधी वाचलं.

=C7+D7*0

सी म्हणजे घर. डी म्हणजे पडवी. पडवी गुणिले शून्य. खालच्या ओळीत तेच. शेवटच्या घरापर्यंत तेच.

ही मापं घेताना टेपचं एक टोक माझ्या हातात होतं. आमच्या दारात आयेनं विचारलं होतं, "पडवी धरलीस ना गो? पडवी नाय त जाली कुठं विणाची?" मी म्हटलं होतं, धरली.

माझी चूक झाली नसती, तर नुसता आकडा दिसला असता. तो आकडा गावात मीच वाचून दाखवला असता, आणि आपली पोर खोटं बोलणार नाही म्हणून लोकांनी सह्या केल्या असत्या. मला कामावर का घेतलं होतं, ते त्या खुर्चीत कळलं.

"झालं का?" सर पाठीशी येऊन उभे होते.

"पडवीला शून्यानं का गुणलंय?"

"तुला काय करायचंय? वरून आलंय ते."

"वरून म्हणजे कुठून?"

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"फॉरमॅट बदल."

"नाही बदलणार."

मी प्रिंट दिली. सर माउसकडे वाकेपर्यंत पानं बाहेर आली होती. मी ती उचलली, डब्याची पिशवी घेतली आणि निघाले. नोकरी गेली, हे सांगायला कुणी आलं नाही.

दुसरं कुणीतरी ते शीट दुरुस्त करणार, आकडे दिसणार, फॉर्म्युला मागे लपणार, हे मला माहीत होतं. म्हणून त्याच दिवशी मी गावदेवीच्या देवळापुढे ती पानं वाचली. एकेका घराचा नंबर घेऊन, आमच्यासकट.

मग ऑफिसला निरोप धाडला: आता नुसत्या आकड्यावर सही नाही. आधी फॉर्म्युला दाखवा. मोजायचं असेल तर परत या. पडवी धरणार असाल तरच टेपचं टोक हातात घेईन, नाहीतर आमच्या दारात टेप उलगडू देणार नाही.