काकांचं इंजिन, चाचांचं ‘वाईच’

यंत्राशी खोटं न बोलणारा एकच माणूस या देशात उरला आहे आणि तो रोह्याजवळ वरसेला राहतो, हे मी छातीठोकपणे सांगतो. तो माझ्या आत्याचा नवरा. आम्ही त्यांना काका म्हणतो. जन्मभर कंपनीत फिटर होते. निवृत्त झाले तरी सकाळच्या शिफ्टला बूट घालून ओटीवर बसतात. ‘चालतंय’ हा शब्द त्यांच्या घरात शिवी समजला जातो. मिक्सर चालतोय असं म्हटल्याबद्दल आत्याला आठवडाभर पाट्यावर चटणी वाटावी लागली, कारण काकांनी तो तपासायला खोलून ठेवला होता. पण त्यांचं खरं वैर ‘वाईच’शी, म्हणजे ‘जरासं’शी. आमच्याकडे बोटभर असो की कोसभर, सगळं वाईचच असतं. एसटीत कुणी तरी “वाईच सरका” म्हणालं, तर काकांनी विचारलं, “वाईच म्हंजे किती? मिलिमीटरमधी सांगा.” तो बिचारा नागोठण्यापर्यंत उभाच राहिला.

अशा माणसाच्या हाती शेजारच्या अष्टमी गावातल्या चाचांनी आपली शिडाची होडी दिली. चाचा आखातातली नोकरी संपवून कायमचे घरी आलेले. होडी त्यांच्या वडिलांची, पण तिच्या पोटातलं डिझेल इंजिन पार गंजलेलं. पेणजवळच्या एका रिसॉर्टवाल्याला ती सलाड मांडायला हवी होती. खाडीने घडवलेल्या लाकडावर काकडीच्या चकत्या! हा माज कुठून येतो, देव जाणे. पण चाचा थकले होते. रविवारपर्यंत होडी इंजिनावर चालली नाही तर घेऊन जा, असं त्यांनी त्याला सांगून टाकलं होतं.

काकांनी दुसरं इंजिन मिळवलं, चार बोल्टांसाठी पेणला तीन खेपा केल्या आणि होडी काठावर असतानाच इंजिन व पाणी कापणाऱ्या पंख्याचा दांडा एका रेषेत आणून जोडून टाकले. जोडाच्या फटीत कागदाएवढी पातळ पोलादी पट्टीसुद्धा शिरेना. चाचांनी आधीच सुचवलं होतं, दोन दिवस पाण्यात राहू दे, मग जोड. लाकूड पाण्यात वाईच अंग सोडतं. झालं! त्या एका शब्दापायी सल्ला फेटाळला गेला. गुरुवारी भरतीला होडी पाण्यात गेली, इंजिन सुरू झालं आणि ती हिवताप भरल्यासारखी थडथडू लागली. काकांनी इंजिन थांबवून फटीत पट्टी घातली. एक नव्हे, तीन शिरल्या.

सत्तेच्या खुर्च्यांवरच्या माणसांना जन्मात जमत नाही ते काकांनी सगळ्यांदेखत केलं. “चुकलं माझं, चाचा,” ते म्हणाले. “कंपनीतला पाया सिमेंटचा व्हता. त्यो हलत नव्हता.”

बोल्ट सैल केले. होडी दोन दिवस पाण्यात राहिली. शनिवारी चाचा दांड्यावर तळवा ठेवून बसले, काका पाना घेऊन.

“फिटरशेठ, वाईच डावीकडं.”

काकांनी किती ते विचारलं नाही. पाना फिरवला. मग वाईच वर. पट्टी लावली तर शिरेना. घरी येऊन मात्र त्यांनी आत्याला गंभीरपणे सांगितलं, “गो, वाईच म्हंजे बोल्टाचा पाऊण आटा.”

रविवारी रिसॉर्टवाला टेम्पो घेऊन हजर. इंजिन लगेच लागलं, एका सुरात. आम्हा तिघांना घेऊन होडी धक्का सोडून निघाली आणि टेम्पो रिकामा वळला. काका इंजिनाला कान देऊन बसले होते. पुढच्या वळणावर वारा मिळाला तसं चाचांनी शीड चढवलं आणि इंजिन बंद केलं.

काका दचकले. “बंद का केलंत?”

“वारा हाय ना,” चाचा म्हणाले.

काका इंजिनाच्या कोमट अंगावर हात ठेवून बसून राहिले. काहीही दुरुस्त न करता बसलेले काका मी पहिल्यांदाच पाहत होतो.