वस्तीला नाव द्यावी

राग गिळायला लागतो म्हणून मी किस्से सांगते. आमच्या ऑफिसात राग गिळून गिळून इतका साठलाय, की कुणी नुसतं "काय चाललंय?" विचारलं तरी एक किस्सा बाहेर पडतो. हसा हवं तर. पण माझं डोकं फिरलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते!

हर्सूलला आमची छोटी संस्था आहे. हवामान बदलतंय, तर लोकांनी त्याच्याशी जुळवून कसं घ्यायचं, ह्याचा अभ्यास करतो. मी मूळची कन्नड तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. फील्डचं काम माझ्याकडं. वर आमचे सर, गाडीवर शेखचाचा. आणि प्रोजेक्ट होता बेटांवरच्या लोकांचा.

हसलात ना? सगळेच हसतात. "मराठवाड्यात प्यायला पाणी नाय न् बेट कुठलं?" अहो, धरणाच्या फुगवट्यात एक टेकडी आहे, तिच्यावर शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांची वस्ती. पूर्वी पाणी हळूहळू चढायचं. लोक शेळ्या, सामान अलीकडं आणायचे. आता पाऊस महिनाभर तोंड दाखवत नाही आणि मग दोन दिवसांत सगळा पडून मोकळा होतो. सकाळी उठावं तर चारी बाजूंनी पाणी!

तिथल्या गयाबाईची नात पूजा सातवीत आहे आणि शाळा अलीकडच्या काठाला. पोरगी थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून, हातानं पाणी मारत शाळेत जाते. रोज! गयाबाईचं एकच मागणं, "आमाला एक नाव द्या." होडी हो. बाकी काही मागितलं नाही तिनं कधी.

*

सरांनी आधी तालुक्याच्या कचेरीला पत्र धाडलं : "आपल्या हद्दीतील बेटांची संख्या व सद्यःस्थिती कळवावी." उत्तर आठ दिवसांत आलं. मी तर खूशच झाले. फोडून बघते तर, "बेटे तीन. पैकी दोन हिरवी, एक वाळलेले. तोडण्यास हरकत नाही."

बांबूची बेटं मोजली होती!

आणि आमचे सर काय म्हणाले? "चला, रिप्लाय तरी आला!" फाइलला लावलं की हो ते पत्र!

*

मग एक तज्ज्ञ आले. समुद्रातल्या बेटांवर निम्मं आयुष्य काढलेला माणूस. काठावर उभं राहून, गॉगल काढून म्हणाले, "सोल्युशन सिंपल आहे. खारफुटी लावा. काठ धरून ठेवते."

मी म्हटलं, "सर, हे धरणाचं पाणी आहे. गोडं."

"डोन्ट बी निगेटिव्ह!"

गयाबाई त्या दिवशी बाजाराला अलीकडं आलेली. तिनं विचारलं, "ते झाड शेळ्या खातेत का?" साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. शेखचाचा गाडीला टेकून ऐकत होते. हळूच पुढं आले. "साब, फिर नमक के ट्रकां किधर खाली करानेके?"

*

आता अर्जाचं ऐका. हा मी स्वतः लिहिला, गयाबाईचा अंगठा घेऊन. "वस्तीला नाव द्यावी, ही विनंती." सरळ मराठी. नाव द्यावी. होडी द्यावी!

तर कचेरीतल्या क्लार्कला वाटलं, बाईचं शुद्धलेखन कच्चं आहे. त्यानं लाल पेननं 'द्यावी'चं 'द्यावे' केलं. मदत म्हणून! अर्ज टेबलाटेबलावरून फिरला, सह्या झाल्या, आणि दोन महिन्यांनी टेम्पोतून आली काय? पाटी! वस्तीला नाव दिलं होतं, 'जलसागरनगर'.

पाटी पलीकडं न्यायला साधन नाही म्हणून अलीकडच्याच काठावर रोवली. मला रडू फुटायचं बाकी होतं. गयाबाई पाटीभोवती फिरली, बोटानं वाजवून बघितली. "लोखंडाची हाय व्हय? लाकडाची दिली असती तर बसून तरी आलो असतो."

*

कार्यशाळेचा किस्सा मी सांगायला लागले की माझं बीपी वाढतं. पाण्याशी जुळवून कसं घ्यायचं, हे वस्तीला शिकवायचं होतं. कुठं? शहरातल्या हॉटेलात, एसी हॉलमध्ये. कधी? पाणी चढलेलं त्याच आठवड्यात! अख्खी वस्ती थर्माकोलवर बसून येणार कशी? मी हॉलमधून गयाबाईला फोन लावला.

"येतो म्हणावं साहेबाला," ती म्हणाली, "फकस्त पाणी आटू द्या. तोवर जेवण झाकून ठिवा."

रिपोर्टमध्ये काय छापून आलं माहितीय? "समुदायाचा प्रतिसाद उदासीन." उदासीन! मी सरांच्या टेबलावर रिपोर्ट आपटला. "सर, ते वाक्य काढा, नायतर मी राजीनामा देते!" वाक्य निघालं. त्या जागी आलं, "प्रतिसाद संमिश्र."

*

शेवटी नवा अर्ज केला. ह्या वेळी 'होडी' लिहिलं, तेही दोनदा. त्यावर एक साहेब आले पंचनाम्याला. वस्तीला खरंच होडीची गरज आहे का, हे त्यांनी डोळ्यांनी बघून लिहायचं होतं. पाणी चढलेलंच होतं. शाळा सुटलेली, पूजा दप्तर छातीशी धरून काठावर उभी. पाण्याला जोर होता म्हणून त्या दिवशी गयाबाईच तिची ने-आण करत होती, थर्माकोल घेऊन अलीकडं आलेली.

साहेब म्हणाले, "मला जागेवर जावं लागेल. इथून लिहिता येत नाही. पलीकडं जायला काय आहे?"

गयाबाईनं थर्माकोल पायानं काठाला लावला. "हे हाय. बसा."

पूजा बसली पण. दप्तर मांडीवर घेऊन जरा सरकली, साहेबांना जागा केली. "या की, सर."

साहेब दोन पावलं मागं आले. घाम पुसला. माझ्याकडं बघून ओरडले, "ह्याच्यावर? मॅडम, जीव जाईल माझा!"

गयाबाई म्हणाली, "लिवा की मग तेवढंच."