चेनचा फूट आणि आईचा शालू

शिलाई मशीनमध्ये सुईखाली कापड दाबून धरणारा तो चिमुकला लोखंडी तुकडा, त्याला आम्ही फूट म्हणतो. त्याच्यासाठी गेल्या महिन्यात मी डोंबिवलीहून ठाण्याला, नौपाड्यात दोन खेपा घातल्या आणि दोन्ही वेळा डोकं तापवून घरी आले.

लेकीचा साखरपुडा होता. तिला आजीच्या लग्नातल्या शालूचा लांब फ्रॉक हवा होता. माझी आई आमच्याकडेच असते, नजर अधू झालीय. शालू देताना तिने बजावलं, "टेलरकडे टाकू नकोस हं, घरीच शिव." फ्रॉकच्या पाठीला न दिसणारी चेन लावायची होती. मी आयुष्यभर ब्लाउजला हुक लावत आलेली बाई. असल्या चेनला फूटही वेगळा लागतो, हे मला तेव्हा कळलं.

पहिल्या खेपेला दुकानदार म्हणाला, "ताई, बिनधास्त न्या, सगळ्या मशीनला बसतो." कसला बसतोय डोंबल! आमच्या घरगुती मशीनची फूट अडकवायची दांडी आखूड, आणि हा टेलरांच्या मोठ्या मशीनचा. दुसऱ्या खेपेला मी माझा जुना फूटच पर्समध्ये घालून नेला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "मग असं सांगायचं ना," तो म्हणाला. म्हणजे चूक माझीच! संताप संताप झाला नुसता.

हा मात्र बसला. मी घरी शिवणाचा क्लास घेते. नवा फूट लावला की आधी हाताने चाक फिरवा, सुई भोकात नीट पडते का बघा, मग चिंधीवर टीप मारा, असं पोरींना रोज ओरडून सांगते. पण त्या दिवशी दोन खेपांचा राग डोक्यात होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! थेट शालू खाली सरकवला आणि मोटरवर पाय दिला. फूट केसभर तिरका होता. सुई त्याच्यावर आपटून मोडली, कापड खालच्या, ते पुढे सरकवणाऱ्या दात्यांत अडकलं आणि पाठीचा भाग टर्रकन फाटला.

तेवढा दुसरा तुकडा उरला नव्हता. उरला होता फक्त पदर, आणि तो आईने स्वतःसाठी बाजूला ठेवायला लावला होता. "मी जाईन तेव्हा माझ्या अंगावर घाला," असं म्हणून.

तिला सांगायला मला अर्धा दिवस लागला. तिने फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. आता चार शब्द ऐकवेल असं वाटलं. ऐकवले असते तर बरं झालं असतं.

"कपाटातून पदर काढ," ती म्हणाली.

"अगं आई, तो नको."

"मेल्यावर मला काय कळणार आहे? पोर छान दिसू दे."

पदर आणला, पण माझा हात चालेना. शेवटी काठाची जर बोटांनी चाचपत तिनेच तो कापला.